गुणपत्रिकेची वाटचाल : पंतोजींच्या शाळेपासून आजच्या मूल्यमापनापर्यंत

मराठी भाषेत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. माणसाच्या अंगी असलेला सद्भाव म्हणजे गुण आणि परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने लिहिलेला आकडा म्हणजेही गुणच. पहिला अर्थ फार प्राचीन आहे. जैन परंपरेत आत्म्याच्या विकासाच्या पायऱ्यांना ‘गुणस्थान’ म्हटले आहे व त्यांची संख्या चौदा सांगितली आहे. ज्ञानदान करणाऱ्या उपाध्याय परमेष्ठींचे पंचवीस गुण मानले आहेत. दुसरा अर्थ मात्र इंग्रजी अमदानीतील शाळा-परीक्षांबरोबर रूढ झाला. आज घराघरात ‘मुलाला गुण किती?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच अर्थ असतो. पहिल्या अर्थाची जागा दुसऱ्या अर्थाने कशी घेतली, आणि ती घेताना काय मिळाले व काय हरपले, याचा इतिहास उद्बोधक आहे. समाजातील विद्यार्थ्यांचा दरवर्षी गुणगौरव करणाऱ्या धर्मादाय न्यासांच्या दृष्टीने तर तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

पंतोजींची शाळा

इंग्रजी राजवट स्थिरावण्यापूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत असत. कोणाच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत मुले जमत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, बाराखडी, उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी आणि मग मोडी पत्रांचे वाचन, असा हा अभ्यासक्रम असे. व्यापारी, कुलकर्णी, शेतकरी अशा घरांतील मुलांना पुढे ज्याची गरज पडणार, तेच शिकविले जाई.

या शाळेत इयत्ता नव्हत्या आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल वर्षातील कोणत्याही दिवशी शाळेत दाखल होई व आपल्या गतीने पुढे जाई. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. एखाद्याची पावकी पक्की झाली की तो निमकीकडे वळे. नाही झाली तर पुन्हा पावकीच म्हणे. त्यास कोणी ‘नापास’ म्हणत नसे. खरी परीक्षा पुढे पेढीवर होत असे. रोजमेळ जुळला, खतावणी बिनचूक झाली, व्याजाचा हिशेब तोंडी सांगता आला, म्हणजे मुलगा तयार झाला असे समजले जाई.

या पद्धतीचे गोडवे गाताना तिचे दोष विसरता कामा नयेत. पंतोजींची छडी निर्दय होती. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांना त्या ओसरीवर जवळजवळ प्रवेशच नव्हता. घोकंपट्टीवर सारा भर होता. मात्र एक गोष्ट त्या शाळेत नव्हती : एका मुलाचा आकडा दुसऱ्या मुलाच्या आकड्याशेजारी ठेवून दोघांची किंमत ठरविण्याची पद्धत.

डेप्युटी आणि मॅट्रिक

सन १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शिक्षणखात्याची आणि अनुदानाची चौकट घातली. शाळांना सरकारी पैसा द्यावयाचा, तर त्या पैशाचा मोबदला मिळतो की नाही हे तपासणे ओघाने आले. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये ‘निकालानुसार अनुदान’ देण्याची पद्धत सुरू झाली. वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत जितकी मुले निरीक्षकासमोर उत्तीर्ण होतील, त्या मानाने शाळेला पैसे मिळत. हीच पद्धत त्या दशकात मुंबई इलाख्यातही आली. डेप्युटीसाहेब शाळा तपासण्यास येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुले धुतलेले कपडे घालून येत आणि मास्तरांचा जीव टांगणीस लागे. कारण मुलाच्या उत्तरावर शाळेचे उत्पन्न ठरत होते. मुलाच्या प्रगतीचे माप आणि पैसा यांची गाठ येथे प्रथम पक्की बांधली गेली. परिणाम अपेक्षितच झाला. जे तपासले जाई तेवढेच शिकविले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, सरकारनेच या पद्धतीकडे पाठ फिरविली. परंतु तिने लावलेली सवय मात्र राहिली.

दुसरीकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यात आली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. पुढे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मॅट्रिकचा मूळ हेतू मर्यादित होता. विद्यार्थ्याला महाविद्यालयातील इंग्रजी व्याख्याने समजतील काय, एवढेच तिने पाहावयाचे होते. परंतु कचेऱ्या, रेल्वे व व्यापारी कंपन्यांनी नोकरीसाठी हाच दाखला मागण्यास आरंभ केला. महाविद्यालयाच्या दाराची किल्ली साऱ्या जगाच्या दाराला लावली जाऊ लागली. ‘मॅट्रिक पास’ आणि ‘मॅट्रिक नापास’ ही माणसाची ओळख झाली. लग्नाच्या बोलण्यांतही तिचा उल्लेख होऊ लागला.

या परीक्षांनी एक मोठे कार्य केले, हे नमूद केले पाहिजे. वशिला व घराणे यांच्या पलीकडे, केवळ लिहिलेल्या उत्तरावर गरीब घरातील मुलास पुढे जाण्याची वाट त्यांनी मोकळी केली. परीक्षकास उमेदवाराचे नाव ठाऊक नसणे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

परीक्षेने न ओळखलेले दोघे

परीक्षेने माणूस ओळखला नाही, अशी दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिले महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. कोकणातील मुरूड येथे राहणाऱ्या धोंडोपंतांना सरकारी नोकरीस उपयोगी पडणारी मराठी सहावीची परीक्षा द्यावयाची होती. हे १८७५ च्या सुमाराचे. पावसाळी हवेमुळे बोटीने जाणे जमेना, तेव्हा ते सोबत्यांसह घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास पोहोचले. परीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते व त्यांची ती झालीही होती. परंतु अंगलट किरकोळ असल्यामुळे अधिकाऱ्यांना ते खरे वाटले नाही आणि परीक्षेस न बसताच त्यांना परतावे लागले. पुढे हाच तरुण गणिताचा प्राध्यापक झाला, १९१६ मध्ये त्याने महिलांचे विद्यापीठ उभारले आणि १९५८ मध्ये तो भारतरत्न ठरला.

दुसरे उदाहरण जैन समाजाच्या अधिक जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अभ्यासापेक्षा कुस्ती व पोहणे यांतच त्यांचे मन रमे. गणितात ते नापास झाले. त्यांना वरच्या वर्गात घालावे अशी शिफारस खुद्द राजर्षी शाहू महाराजांकडून आली असता, भाऊराव बसतात तो बाक एक वेळ वरच्या वर्गात पाठवू, पण भाऊरावांना पाठविता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर गणिताच्या शिक्षकांनी दिले, असे चरित्रकार सांगतात. शिक्षकाचा हा करारीपणा आदरास पात्र आहे. छत्रपतींच्या शब्दानेही गुण वाढवून न देणारा शिक्षक आज दिवा घेऊन शोधावा लागेल.

परंतु कथा येथे संपत नाही. भाऊराव वर्तनाच्या परीक्षेतही नापास ठरले. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. गणितातील त्यांचे अपयश खरे होते. दुसऱ्या परीक्षेत मात्र चूक परीक्षार्थ्याची नव्हती, परीक्षकांची होती. ही गोष्ट समाजाने पुढे मनोमन मान्य केली व भाऊरावांना आपले भूषण मानले.

शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या या तरुणाने साताऱ्यास खाजगी शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्याच्या व किर्लोस्करांच्या मालाची विक्री केली आणि गावोगाव फिरून खेड्यातील मुलांची स्थिती पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीला जेवत. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले. या वसतिगृहात प्रवेश देताना मुलाचे गुण विचारले जात नव्हते. त्याला शिकण्याची इच्छा आहे काय व अंगमेहनतीची तयारी आहे काय, एवढेच पाहिले जाई. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुढे सर्वत्र अनुकरणीय ठरली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले.

आयोगांच्या शिफारशी

स्वातंत्र्यानंतर परीक्षापद्धतीचा विचार वारंवार झाला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षेचीच असावी, असा अभिप्राय दिला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या कमी करावी, विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या कामाची नोंद शाळेने ठेवावी आणि अंकांऐवजी श्रेणीचा उपयोग करावा, असे सुचविले. एक्काहत्तर गुणांचा मुलगा सत्तर गुणांच्या मुलापेक्षा हुशार आहे असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय. एकाच उत्तरपत्रिकेस दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे.

दरम्यान मुंबई राज्यात मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली व महाराष्ट्रात १९६६ पासून माध्यमिक शिक्षण मंडळाचा कारभार सुरू झाला. पस्तीस टक्क्यांस उत्तीर्ण, पंचेचाळीसला द्वितीय श्रेणी, साठला प्रथम श्रेणी आणि पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य, ही उतरंड प्रत्येक घरास पाठ झाली. आयोगांचे अहवाल कपाटात राहिले आणि टक्केवारी दिवाणखान्यात आली.

दहावीची पन्नास वर्षे

दहा अधिक दोन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आल्यानंतर दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. म्हणजे दहावीच्या परीक्षेचे वय आणि या सुवर्णमहोत्सवी न्यासाचे वय जवळजवळ सारखेच आहे. या काळात गुणवत्ता यादी हा जूनमधील मोठा सोहळा असे. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर यादीतील मुलामुलींची छायाचित्रे झळकत, त्यांच्या आईवडिलांच्या मुलाखती छापल्या जात. एकेका गुणासाठी खाजगी वर्गांचा व्यवसाय वाढला. मुलांवरील ताण असह्य होऊ लागल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ती यादी जाहीर करणे थांबविले.

पुढील वर्षांत बदल झपाट्याने होत गेले. २०१० मध्ये सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. तो उच्च न्यायालयाने रद्द केला व सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ग्राह्य ठरविला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. त्यानुसार आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. वर्षभर चालणारे आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित, असे मूल्यमापनाचे दोन भाग झाले व प्रगतिपुस्तकावर अंकांऐवजी श्रेणी आली. हेतू उदात्त होता. परंतु ‘परीक्षाच नाही’ असा त्याचा अर्थ अनेक ठिकाणी लावला गेला आणि कच्चे विद्यार्थी कच्चेच पुढे सरकले. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. तीत शिक्षकांबरोबर विद्यार्थी स्वतः व त्याचे सहाध्यायीही मूल्यमापनात भाग घेतात.

दहावीच्या निकालाचे चार आकडे येथे विचारात घेण्याजोगे आहेत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये ८९.४१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. २०२० मध्ये ते गुण परत देण्यात आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये महामारीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. शाळांतर्गत कामगिरीवरून निकाल लावण्यात आला व तो ९९.९५ टक्के होता. चार वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणीही म्हणणार नाही. मुख्यतः बदलले ते माप. गज आखूड केला म्हणून ताग्यातील कापड वाढत नाही, हे ज्यास कळते त्यास या आकड्यांचा अर्थही कळेल. माप आवश्यक आहे; मापाशिवाय व्यवहार होत नाही. मात्र व्यवहार करणाऱ्याने मापाची खूण तपासून घ्यावी लागते आणि माप म्हणजे माल नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते.

स्वाध्यायाची कसोटी

ज्ञानाची परीक्षा कशी व्हावी, याविषयी जैन परंपरेनेही विचार केला आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, शंका विचारणे, मनन करणे, शुद्ध पाठ म्हणणे आणि दुसऱ्यास समजावून सांगणे. शालेय परीक्षेने प्रामुख्याने आम्नायाचे माप घेतले. पाठ किती झाले ते तिने पाहिले. मुलाने प्रश्न किती विचारले, मनन किती केले आणि मित्रास किती समजावून दिले, याचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेत फारसे आढळत नाहीत. आजच्या मूल्यमापनात प्रकल्प, तोंडी काम, गटकार्य यांना स्थान देण्याचा जो प्रयत्न चालला आहे, तो या उरलेल्या चार अंगांकडे जाण्याचाच प्रयत्न आहे, असे म्हणता येईल.

समाजाने स्वतःही परीक्षा घेतल्या आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी येथे आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. प्रारंभिक पाठांपासून जैन सिद्धांताचार्य या पदवीपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना मुलांबरोबर गृहिणी, वृद्ध श्रावक आणि साधुसाध्वीही बसत आले आहेत. या परीक्षेवर कोणाची नोकरी अवलंबून नव्हती व कोणाचे अनुदानही नव्हते. सासू आणि सून एकाच वर्षी एकाच परीक्षेस बसाव्यात आणि सुनेला अधिक गुण मिळाले तरी घरात कौतुकच व्हावे, हे अशाच परीक्षेत शक्य होते. परीक्षा वाईट नसते. तिच्यावर लादलेले ओझे वाईट असते, हेच यावरून दिसून येते.

न्यासांपुढील विचार

विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्या श्रेष्ठींनी मुंबईत व अन्यत्र विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उघडली, आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. त्या काळी दानाचा क्रम असा होता : प्रथम निवारा, अन्न व पुस्तके आणि नंतर निकाल. मुलगा गावाहून ट्रंक घेऊन येई, तेव्हा त्याच्या हाती गुणपत्रिका असेच असे नाही. समाज त्याच्यावर विश्वास टाकी व निकालाची वाट पाही.

आज हा क्रम अनेक ठिकाणी उलटा झाला आहे. प्रथम निकाल, मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि छायाचित्र. पंचाऐंशी किंवा नव्वद टक्क्यांची अट घालून अर्ज मागविले जातात. ज्या घरी स्वतंत्र खोली, खाजगी वर्ग व शिकलेले आईवडील आहेत, त्या घरातील मूल ही अट सहज ओलांडते. वडिलांच्या लहानशा दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर बसून बासष्ट टक्के मिळविणारे मूल मात्र सभागृहात टाळ्या वाजविण्यापुरते उरते. बहुधा ते येतच नाही. वरील चार वर्षांचे आकडे पाहता, ज्या अटीवर हा भेद केला जातो ती अट स्वतःच दरवर्षी सरकत असते, हेही स्पष्ट होते.

गुणगौरव बंद करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. परिश्रमाचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीला तीन गोष्टी करणे सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासांना सहज शक्य आहे. पहिली, शिष्यवृत्तीचा काही भाग दहावीच्या निकालानंतर न देता आठवी-नववीत, गरज असते त्या वेळी द्यावा. दुसरी, टक्केवारीबरोबर मागील वर्षाच्या तुलनेत झालेली प्रगती पाहावी. चाळीसवरून साठपर्यंत चढणे हे नव्वदवर टिकण्याहून सोपे नाही. तिसरी, अनुत्तीर्ण झालेल्यांकडे आवर्जून जावे. २०१५ पासून मंडळाने दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच जुलैत घेण्यास आरंभ केला आणि वर्ष वाया जाण्याचे संकट टळले. त्या दीड महिन्यात गणिताचा एखादा शिक्षक आणि बसावयास शांत जागा न्यासाने उपलब्ध करून दिली, तर त्याचे पुण्य कोणत्याही स्मृतिचिन्हाहून कमी नाही.

ज्या शिक्षकांनी बाक पुढे पाठवू पण विद्यार्थी नाही असे म्हटले, त्यांचा न्याय चोख होता, कारण त्यांनी केवळ गणिताचे माप घेतले होते. भाऊरावांचे माप त्यांनी घेतले नव्हते; ते घेणे समाजाचे काम होते. परीक्षकाने आकडा प्रामाणिकपणे लिहावा आणि समाजाने तो आकडा म्हणजेच मूल असे समजू नये, ही दोन कर्तव्ये ज्या दिवशी शेजारी शेजारी नांदतील, त्या दिवशी ‘गुण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतील. पन्नास वर्षे विद्यादानाचा वसा चालविणाऱ्या न्यासाकडून समाजाने ही अपेक्षा बाळगणे सर्वथा उचित होय.